पालथा गिलास

परभणीतल्या आमच्या दोन खोल्यांत शिरलं की डाव्या हाताला एक फळी होती आणि तिच्यावर तीन गिलास असायचे. जर्मनचे, म्हणजे अॅल्युमिनियमचे, कडांना पोचे आलेले, बुडाशी खिळ्यानं नावं कोरलेले: एक वडिलांचा, म्हणजे आबांचा, एक थोरल्या भावाचा, मिलिंदचा, आणि एक माझा. घरातलं माणूस बाहेर निघालं की आई त्याच्या वाटेत उभी राहायची. ‘कुठं जायलीस? कुणासंगं? कवा यील?’ या तिन्हींची उत्तरं मोठ्यानं द्यायची, ‘जाते’ असं चुकूनही म्हणायचं नाही, ‘येते’ म्हणायचं, आणि मग आई तुमचा गिलास उचलून पालथा घालायची. टक्क असा आवाज व्हायचा. तो ऐकल्यावरच उंबऱ्याबाहेर पाय. परत आलं की पहिलं काम, त्याच गिलासातून पाणी प्यायचं आणि तो फळीवर सरळ ठेवायचा. मिलिंद एकदा घाईत बाहेर पडला आणि रस्त्यावरून ओरडला, ‘आये, पालथा घाल गं माझा!’ आईनं त्याला कोपऱ्यावरून माघारी बोलावलं, घरात घेतलं, गिलास पालथा घातला आणि मगच सोडलं. आधी गिलास, मग पाय. उलटं झालेलं तिला खपायचं नाही. शेजारच्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ही पद्धत आईनं हौसेनं काढलेली नव्हती. झरीच्या पलीकडं आमचं गाव. मी नुकती शाळेत जायला लागले होते तेव्हा विद्यापीठाला नाव द्यायचं ठरल्याची बातमी आली आणि तिच्या मागोमाग आमच्या गावकुसाबाहेरच्या गल्लीला आग लावली गेली. त्यातलं मला फार आठवत नाही. धुराचा वास आठवतो, आणि शेजारच्या धोंडाईनं मला केकताडांच्या काटेरी बांधाआड नेऊन तिच्या लुगड्यात गुंडाळून बसवलं होतं ते आठवतं. लुगड्याला तंबाखूचा वास होता. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली होती. ती धावत आली तेव्हा घरात कोण होतं आणि बाहेर कोण, हे तिला सांगायला माणूसच उरलं नव्हतं. तिनं विहिरीत वाकून पाहिलं, ओढा धुंडाळला, कडब्याच्या गंजी उपसल्या, जळत्या घरात दोनदा शिरली. आबा पाटलाच्या शेतातल्या आखाड्यावर सुखरूप होते, मिलिंद मामाकडं होता, तरी ती त्यांना राखेत शोधत राहिली. मी सापडले दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर. त्यानंतर आम्ही परभणीला आलो ते आलोच. गिलासांवरून कोणी चेष्टा केली की आई एवढंच म्हणायची, ‘एकडाव सारं गाव पालथं घातलंय म्या. आता गिलास पालथा घालते, माजं काय चुकलं?’

मिलिंदची मुलगी आता पुण्यात नोकरी करते आणि बाहेर पडली की बापाला मोबाइलवर आपला ठावठिकाणा पाठवते. नकाशावर निळा ठिपका सरकत राहतो. मिलिंद मला तो कौतुकानं दाखवतो. मी त्याला म्हणते, आपल्या आईनं हे यंत्र चार आण्याच्या गिलासात केलं होतं, तेव्हा तू चिडायचास.

आबा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. सरकीच्या बारीक धुळीनं त्यांची छाती भरली आणि ते घरी बसले. दिवसभर खोकायचे आणि खोकल्याची उबळ ओसरली की विनोद करायचे. सकाळी जिनिंगचा भोंगा झाला की अजूनही सवयीनं उठून बसायचे आणि मग आपल्यालाच हसायचे. मिलिंद बी.ए. होऊन मोर्च्यांत असायचा. घर चालायचं माझ्यावर. मी बी.एस्सी. झाले होते, वर संगणकाचा कोर्स केला होता आणि पिंगळीच्या रस्त्यावरच्या एका खासगी बियाणं संशोधन केंद्रात ऑपरेटर म्हणून लागले होते. हंगामी. ते केंद्र आता नाही. सकाळी आई ज्वारीची भाकरी आणि येसराची आमटी करायची. येसर म्हणजे भाजलेल्या डाळी-धान्यांचा मसाला, तो खमंग भाजल्याचा वास साऱ्या आळीत जायचा. डब्यात भाकरी, कारळाची चटणी, कांदा. सायकलीला डबा अडकवायचा, तिन्ही उत्तरं द्यायची, टक्क ऐकायचं आणि निघायचं.

केंद्रात संगणकाची खोली सगळ्यात थंड आणि सगळ्यात सोवळी. चपला बाहेर. आमचा इलेक्ट्रिशियन ख्वाजाभाई दसऱ्याला त्या यंत्राला झेंडूची माळ घालायचा आणि म्हणायचा, ‘बेटी, इसकू नजर लगती.’ यंत्रात ज्वारीचे वंश होते. कोणत्या वाणाचा कोणत्या वाणाशी संकर झाला, ताटं किती उंच गेली, कणसावर बुरशी कितपत आली, दाणा कसा भरला, केंद्राचे प्रमुख असलेल्या आमच्या लोहगावकरसरांनी उभ्या आयुष्यात जे पाहिलं ते सगळं. कागदावरचं बरंचसं वाळवीनं खाल्लेलं. त्यामुळं जे काही होतं ते त्या डिस्कमध्ये.

आणि आमच्याकडं वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. बॅटरीचं खोकं होतं, पण ते दोन शिट्ट्या मारून मान टाकायचं. वीज गेली की यंत्र लिहिता लिहिता मधेच मरायचं, आणि परत आली की सुरू होताना आपली सगळी डिस्क तपासायला घ्यायचं. पहिला टप्पा, दुसरा टप्पा, तिसरा... पडद्यावर एकेक ओळ उमटायची आणि मी हात मांडीत घालून बसायचे. काय बिघडलं ते त्याला माहीत नसायचं, म्हणून ते सगळंच तपासायचं. जिथं काही झालेलं नाही तिथंही जायचं. शेवटी ज्यांचा धनी सापडत नाही असे तुकडे ते एका कोपऱ्यात नेऊन टाकायचं, आणि त्यांना नाव नसायचं, नुसता आकडा. मला त्या कोपऱ्यात पाहायला धजवायचं नाही. एकदा असंच पावसाळ्यात रब्बीचा एक हंगाम त्या आकड्यांत गेला तो गेलाच. सर ओरडले नाहीत. खुर्चीत बसून राहिले. मला वाटत होतं, ओरडले असते तर बरं.

मग संगणकाच्या कंपनीचा इंजिनिअर पुण्याहून आला. गोरापान, सारखा घड्याळाकडं पाहणारा. त्यानं सांगितलं, आता नव्या तऱ्हेची फाइलसिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, आली आहे, तिला जर्नल असतं. डिस्कवर काही करायच्या आधी यंत्र ‘मी आता हे करणार आहे’ असं जर्नलमध्ये लिहितं, मग ते काम करतं, आणि झालं की ती नोंद खोडतं. वीज गेली तर परत आल्यावर सगळी डिस्क तपासायची नाही. न खोडलेल्या नोंदी तेवढ्या पाहायच्या. सर म्हणाले, ‘म्हणजे रोजनामचा.’ सरांचे वडील निजामाच्या काळात पटवारी होते. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘म्हणजे पालथा गिलास!’ दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी सांगायचा प्रयत्न केला, पण इंजिनिअरला गिलास कळेना आणि माझे कान लाल व्हायला लागले. सर मात्र हसले. ‘हिला समजलंय,’ म्हणाले. त्या एका वाक्यानं माझ्या मागं काय लागणार आहे हे मला तेव्हा कळलं नाही.

अडचण अशी होती की आमच्या यंत्राच्या कर्नलला ही नवी फाइलसिस्टीम ओळखूच येत नव्हती. कर्नल म्हणजे यंत्राचा गाभा, बाकी सगळे त्याच्या तोंडाकडं पाहून वागणार. ज्याची ओळख कर्नल बांधतानाच त्याच्यात घातलेली नाही, त्याला तो दारात उभं करत नाही. म्हणून आधी ती ओळख घालून कर्नल नव्यानं बांधायचा, जुना बाजूला जपून ठेवायचा, मग सगळा डेटा टेपवर काढायचा, डेटाची वेगळी डिस्क पुसून नव्या तऱ्हेनं आखायची आणि टेपवरून सगळं परत भरायचं. हे सगळं इंजिनिअर करणार होता. पण विद्यापीठाच्या नावाचा निर्णय कोणत्याही दिवशी होणार अशी हवा होती, गाड्या बंद पडतील म्हणत होते, आणि त्यानं टेप आणि टाइप केलेले दोन कागद माझ्या हातात दिले, ‘इट इज व्हेरी सिंपल’ म्हणाला आणि मिळेल त्या रेल्वेनं निघून गेला. सरांनी मला बोलावलं. ‘शकुंतला, महिनाअखेर वरून माणसं येणारेत. केंद्र ठेवायचं का बंद करायचं ते ठरवणार. तोवर हे झालं तर तुझी कायमची ऑर्डर मी घेतो. डेटा गेला तर दाखवायला आपल्याजवळ काहीच राहणार नाही. मग तू पण घरी आणि मी पण.’

घरी म्हणजे कुठं, हे सरांना माहीत नव्हतं. पगार थांबला की परभणीतल्या दोन खोल्या गेल्या, आणि खोल्या गेल्या की आम्हाला जायला एकच जागा होती, झरीच्या पलीकडची ती गल्ली. आईनं गिलास बोचक्यात बांधले असते. त्या दिवसापासून मला भाकरी घशाखाली उतरेना. घरी मी सांगितलं, कर्नलला नवं काम शिकवायचंय. आबा खोकता खोकता म्हणाले, ‘पलटनीत लागलीस का काय? सांभाळून ऱ्हा बरं, कर्नल लोक लय तापट ऱ्हातेत.’ सगळे हसले. मीही हसले, आणि मागच्या दारी जाऊन रडून आले.

निर्णय झाला तो संक्रांतीच्या तोंडावर. रेडिओवर ऐकल्यावर मिलिंद आधी उड्या मारत नाचला आणि मग चिडला. ‘नामांतर न्हाई, नामविस्तार केलाय. जुनं नाव तसंच ठिवलं.’ आबा म्हणाले, ‘आरं, पन नाव लागलं ना? सोळा-सतरा वरसं वाट बघितली लोकांनी.’ त्यांचे डोळे भरले होते. आई फळीपाशी गेली आणि सरळ ठेवलेले तिन्ही गिलास हातानं चाचपून आली. आमच्या घरात आनंद आला की त्याच्या मागून काय येतं याची तिला धास्ती असायची, आणि मी तिचीच मुलगी.

दुसऱ्या दिवशी गाव बंद. सरांनी सांगून ठेवलं होतं की बंदच्या दिवशी आसपासच्या गिरण्या, कारखाने थांबतात आणि वीज टिकते, तेव्हा काम त्याच दिवशी करायचं. आई दारात आडवी उभी राहिली. ‘आज न्हाई गेलं तर चालत न्हाई का गं?’ मी नाही म्हणाले. ‘कुठं जायलीस?’ केंद्रात. ‘कुणासंगं?’ एकटी, तिथं ख्वाजाभाई आहेत. ‘कवा यील?’ दिवस मावळायच्या आत. येते. त्या दिवशी गिलास दोनदा वाजला. मिलिंदचा आधीच पालथा होता. तो मिरवणुकीला गेला होता.

रस्ता रिकामा. एरवी पिंगळीकडून येणाऱ्या बैलगाड्या, दुधाच्या सायकली, काही नाही. दोन्हीकडं ज्वारी हुरड्याला आलेली, आणि वाऱ्यानं पानं सळसळली तरी मी सायकलीवरून मागं वळून पाहत होते. केंद्राच्या फाटकाला ख्वाजाभाईनं कुलूप लावून घेतलं. सर येणार नव्हते, त्यांनी फोनवर सांगितलं. मी चपला काढल्या आणि आत गेले.

सगळा डेटा टेपवर घेतला. टेप गरगर फिरत राहिली आणि मी दर थोड्या वेळानं बॅटरीच्या खोक्याकडं पाहत राहिले. मग कागदावर होतं तसं कर्नलच्या मांडणीची फाइल उघडली. नव्या फाइलसिस्टीमच्या नावापुढं एक अक्षर होतं, N. म्हणजे ओळख नाही. ते काढून तिथं Y घालायचा, एवढंच. मी तो बदल केला, जुना कर्नल वेगळ्या नावानं ठेवला आणि नवा बांधायची आज्ञा दिली. यंत्र घरघरत राहिलं, पडदा मुका. नवा कर्नल तयार झाला. डिस्क पुसली, नव्या तऱ्हेनं आखली. यंत्र बंद करून परत चालू केलं. चालू झालं तेव्हा मी ख्वाजाभाईला हाक मारली, एवढा आनंद झाला. आणि मग ती नव्यानं आखलेली डिस्क जोडायला गेले तर पडद्यावर उत्तर आलं, असली फाइलसिस्टीम मला माहीत नाही.

डिस्क पुसलेली. ज्वारीचे सगळे वंश त्या एका टेपवर, आणि ती टेप वाचली जाईल याची खात्री कोणालाच नाही. मी परत आज्ञा दिली, परत तेच उत्तर. मला रडू येईना, घाम येत होता, त्या गार खोलीत. कागद परत वाचला. फाइल परत उघडली. माझं अक्षर तिथं होतं, y. लहान. कर्नलला मोठा लागत होता. कागदावर मोठाच होता, पण मला ते दोन्ही एकच. मराठी शाळेत शिकलेली मी, आपल्या लिपीत लहान अक्षर आणि मोठं अक्षर अशी भानगडच नाही. गावात माणसांत लहान-मोठं जिथं-तिथं पाहावं लागायचं, अक्षरांत पाहायची सवय मला कोणी लावली नव्हती. मी मोठा Y घातला. तीन वेळा बोट ठेवून वाचला. कर्नल पुन्हा बांधायला लावला, यंत्र पुन्हा चालू केलं, आणि या खेपेला त्यानं ती डिस्क मुकाट्यानं जोडून घेतली. टेप लावली. एकेका हंगामाचं नाव पडद्यावर उतरायला लागलं. मी डबा उघडला आणि भाकरीचा एक तुकडा तोंडात घातला.

तेवढ्यात फोन वाजला. सर होते. ‘शकुंतला, गावात काय झालंय नक्की कळत नाही. बसवर दगड पडले म्हणतात. कुठं धूर दिसतोय म्हणतात. तू रस्त्यानं निघू नकोस, ऐकलंस का?’ पुढं फोन खरखरला आणि बंद पडला. मी खिडकीशी गेले. परभणीच्या दिशेला खरंच काळपट काही वर चाललं होतं. टायर जळत असेल, कोणी निषेधाची होळी पेटवली असेल, आनंदाचे फटाकेही असतील. किंवा आमची आळी असेल. मिलिंद कुठं असेल? आबांना पळता येत नव्हतं. मी तिथंच उभी होते आणि मागं बॅटरीचं खोकं शिट्टी मारायला लागलं. वीज गेली होती. मी वळून टेप थांबवायला धावले, पोचायच्या आत दुसरी शिट्टी झाली आणि पडदा काळा झाला.

ख्वाजाभाई आला, ‘जनरेटर में डिझल नई बेटी,’ म्हणाला, आणि त्याच वेळी रस्त्यावरून ट्रॅक्टरचा आवाज आला. ट्रॉलीत माणसं उभी होती, खूप, आणि ओरडत होती. कसला जयजयकार चालला होता ते ट्रॅक्टरच्या फटफटाटात ऐकू येईना. मी कान टवकारून ऐकत होते, एक शब्द कळला असता तरी मला समजलं असतं की बाहेर जाऊन हात हलवायचा की लपायचं. शब्द कळेना. फाटकाशी ट्रॅक्टर मंदावला. कोणीतरी विचारलं, ‘आत कोन हाय रं?’ ख्वाजाभाई म्हणाला, ‘कोई नई. साब लोगां नई आए आज.’ मी शेजारच्या कोठीत बियाण्याच्या पोत्यांमध्ये बसले होते, टेप छातीशी धरून, आणि मला धोंडाईच्या लुगड्याचा तंबाखूचा वास आला. खरंच आला. मी त्या वेळी बावीस-तेवीसची असेन, पण पोत्यांत बसले होते ती सहा वर्षांची शकू होती. ट्रॅक्टर निघून गेला. ती माणसं कोणत्या बाजूची होती ते मला आजवर कळलेलं नाही.

वीज आली तेव्हा उन्हं उतरली होती. मी यंत्राचं बटण दाबलं आणि नेहमीच्या टप्प्यांची वाट पाहत बसले. पहिला, दुसरा, तिसरा, आणि शेवटी तो बिननावाचा कोपरा. टप्पे आलेच नाहीत. एक ओळ आली: रोजनामचा वाचला. दुसरी आली: सगळं स्वच्छ आहे. अर्थ तसा, शब्द इंग्रजी. आणि यंत्र पुढच्या आज्ञेची वाट पाहत थांबलं. मला खरं वाटेना. मी एकेक हंगाम उघडून पाहिला. जे भरून झालं होतं ते जसंच्या तसं होतं. वीज गेली तेव्हा जो हंगाम अर्ध्यात होता तेवढा एक नव्हता, आणि तो टेपवर होता. टेप परत लावली. शेवटचं नाव उतरलं तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून मोठ्यानं रडले, आणि ख्वाजाभाई दारात उभा राहून ‘या अल्ला, गया क्या सब?’ म्हणत राहिला.

मग खिडकीकडं लक्ष गेलं. दिवस टेकला होता. दिवस मावळायच्या आत, असं मी सांगून आले होते. मी सायकल काढली, ख्वाजाभाई फाटक उघडीना. ‘रस्ते पे नक्को बेटी, मैं जाने नई देता,’ म्हणत तो कुलपावर हात ठेवून उभा राहिला. आमचा वाद चालला असतानाच शेताच्या बांधावरून, रेल्वेच्या रुळांच्या बाजूनं, एक बाई येताना दिसली. अनवाणी. पदर कमरेला खोचलेला. चाल मी ओळखली. आई होती. परभणीहून रुळांच्या कडेनं चालत आली होती, कारण रस्त्यावर माणसं होती आणि रुळावर कोणी नव्हतं. तिच्या हातात माझा गिलास होता.

‘आई, मिलिंद?’

‘आला. दुपारीच आला. तोंडाला गुलाल लावून आला. तुजे आबा घरीच हायेत.’ तिला धाप लागली होती. ‘गलका झाला, लोक सैरावैरा पळायलेत. म्या फळीकडं बघितलं. तुजा एकच पालथा व्हता. मंग काय, सरळ हितंच आले.’

ख्वाजाभाईनं माठातलं पाणी आणलं. आईनं माझ्या गिलासात ओतलं आणि मला म्हणाली, ‘पी.’ मी पाणी प्याले. तिनं गिलास घेतला, फाटकाच्या दगडी खांबावर सरळ ठेवला, क्षणभर तसाच राहू दिला, आणि मग पदराला बांधला. तेव्हा कुठं ती खाली बसली.

आम्ही रुळांच्या कडेनंच परतलो, मी सायकल ढकलत. घरी पोचलो तर दार सताड उघडं, आत कोणी नाही. आबा नाहीत, मिलिंद नाही. शेजारीण धावत आली आणि आईला पाहून तिनं कपाळाला हात लावला. ‘अगं गयाबाई, कुठं व्हतीस? त्या दोघांनी तुज्यासाठी सारी परभणी पालथी घातली की!’ मिलिंद स्टेशन, दवाखाना, पोलीस चौकी, सगळीकडं जाऊन आला होता. आबा, ज्यांना दारापासून नळापर्यंत चालवत नव्हतं, ते खोकत खोकत विहिरींत डोकावत फिरत होते. गलक्यात आई कधी निघाली आणि कुठं गेली ते कोणालाच माहीत नव्हतं. तिला कोणी ‘कुठं जायलीस’ असं विचारलं नव्हतं, आणि फळीवर तिचा गिलासच नव्हता. इतकी वर्षं नव्हता. आमच्यापैकी कोणाच्या ते लक्षात आलं नव्हतं, तिच्यासुद्धा. आबांना धरून आणलं तेव्हा ते तिला पाहून एवढंच म्हणाले, ‘गये, आसं करत जाऊ नगंस गं,’ आणि लहान पोरासारखे रडले.

बंद उठल्यावर मी बाजारातून एक गिलास आणला आणि बुडाशी खिळ्यानं ‘गयाबाई’ असं कोरलं. आई म्हणाली, ‘मला कशाला? मी कुठं जायलेय?’ पण पुढं ती जायला लागली. भाजीला, विहारात, कधी उगाच ओळखीच्या बाईकडं. दारात उभी राहून आमचे तिन्ही प्रश्न ऐकून घ्यायची, उत्तरं सावकाश द्यायची आणि टक्क ऐकल्याशिवाय हलायची नाही. मला वाटतं, ती त्या आवाजासाठीच बाहेर जायची. माझी ऑर्डर कायम झाली. झरीच्या पलीकडं आम्ही परत राहायला गेलो नाही.

शेवटी तिला दवाखान्यात न्यायला रिक्षा दारात उभी राहिली, तेव्हा तिला धड उभंही राहवत नव्हतं. तरी फळीपाशी थांबली आणि माझ्याकडं पाहत राहिली. मी विचारलं, कुठं जायलीस? ‘दवाखान्यात.’ कुणासंगं? ‘तुज्यासंगं.’ कवा यील? त्याचं उत्तर तिनं दिलं नाही. ‘येते,’ म्हणाली. मी गिलास पालथा घातला.

ती फळी आता माझ्या घरात आहे. दर दिवाळीला मी ती पुसायला घेते, सगळं खाली काढते, तिचा गिलास उचलते, त्याच्याखालची धूळ पुसते आणि तो पुन्हा पालथाच ठेवते.